एका फुटाला चार सूत

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे दोन्ही गुडघे गेलेले होते अन् मुलाने मला वाळूवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. लोक म्हणतात, समुद्र पाहिल्यावर माणसाचं मन भरून येतं. माझं सगळं लक्ष काठाला लागलेल्या एका होडीच्या डोलकाठीकडे होतं. एक डोळा मिटून मी बघत होते, काठी पुढे झुकलेली आहे का सरळ. सून म्हणाली, आई, लाटा बघा ना. म्हटलं, लाटा कुठे पळून जातात. तोवर माझ्या हातून दोन गलबतं होऊन गेली होती, अन् तीही धरणगावच्या आमच्या गल्लीत, जिथं कोणी समुद्र कुठे आहे विचारलं तर आम्ही रेल्वे स्टेशनाकडे हात करायचो, कारण सुरतेची गाडी तिकडून जायची अन् सुरतेच्या पुढे पाणी आहे असं ऐकून होतो.

आमचं घर सुताराचं. पुढची खोली कामाची, मागची रांधायची, अन् मधे भिंत असली तरी लाकडाचा भुसा काही भिंत मानायचा नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तो बसलेला असायचा. आम्ही फुंकर मारून खायचो. सकाळी कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा झाला की माय कापूस वेचायला निघायची, अन् मग दिवसभर लांबून जिनिंगची घरघर अन् जवळून आबांच्या रंध्याचा सर्र सर्र आवाज. तो आवाज एक दिवस बंद झाला. आबा म्हणजे माझे वडील. जळगावला एका वखारीत लाकूड कापून घ्यायला गेले होते, तिथल्या मशिनीच्या करवतीत उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा अन् त्याच्या जवळचं बोट राहिलं. माय बघून एवढंच म्हणाली, "दोन तरी वाचन्यात." आमच्या घरात रडायची पद्धत नव्हती. त्या दिवशी तिने ठेच्यात मिरची जरा जास्त घातली, म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं तरी कोणी विचारू नये.

दोन बोटांत वाकस धरता येत नाही. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कुदळीसारखं पण छोटं, आडव्या पात्याचं. सुताराचा जीव त्यात असतो. आबांनी डाव्या हाताने करून पाहिलं, तर स्वतःची नडगी तासली. मग ते ओट्यावर बसायला लागले अन् मी खोलीत. मला भाऊ नव्हता. शाळा चौथीत सुटली होती, अन् सुटली म्हणजे तिने मला सोडली का मी तिला, हे अजून ठरलेलं नाही. आबा ओट्यावरून सांगायचे, मी आत ठोकायचे. पाट, पोळपाट, वखराचा दांडा, असली कामं. दार लावून करायचे, कारण पोरीच्या हातात वाकस दिसला की गल्लीतल्या बाया थांबून बघायच्या, जशी काही मी अस्वल आहे.

धुळ्याला माझे काका होते, आबांचे धाकटे भाऊ. त्यांचं फर्निचरचं दुकान बरं चालायचं. ते दिवाळीला आले अन् जेवून झाल्यावर हळूच म्हणाले, "दादा, हत्यारं अशी पडीसन गंजतीन. माझ्याकडे चार जण शेतस कामाले. पेटी मी लई जास." पेटी म्हणजे आमच्या आजोबांची हत्यारांची पेटी. वाकस, रंधे, पटाश्या, गिरमिट, सगळं त्यात. काका वाईट नव्हते. पण हत्यारं गेल्यावर आबा ओट्यावर बसून काय सांगणार, अन् मी आत काय ठोकणार, हे कोणी बोललं नाही. आबा सुपारी चघळल्यासारखं तोंड हलवत राहिले, तोंडात सुपारी नव्हती. मग म्हणाले, "आखाजीले ये. एक काम शे हातमा. ते जमनं नही ते पेटी लई जाय." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. काका माझ्याकडे बघून हसले. "पोरीना भरवशावर? तिना सासरना लोक काय म्हनतीन?" सासर अजून ठरलंही नव्हतं, पण त्याला काय म्हणायचं ते आधीच ठरलेलं होतं.

काम होतं नानांचं. नाना समोरच्या घरातल्या अक्काचे भाऊ. पोरवयात सुरतेच्या गाडीत बसून पळाले होते, ते फत्तेमारीवर खलाशी झाले. फत्तेमारी म्हणजे शिडाचं मोठं मालवाहू गलबत. चाळीस वर्षं कौलं, मीठ, खजूर वाहून परत आले ते बहिणीच्या दारात, पाय फाकवून चालत. बायको नाही, लेकरं नाहीत. अन् डोळ्यांत काचबिंदू. जळगावच्या डॉक्टरने सांगितलं होतं, जेवढं दिसतं तेवढं बघून घ्या. तर नानांनी आबांना सांगितलं, माझं गलबत लाकडाचं करून दे, लहान. माप विचारलं तर नाना म्हणाले, माप कागदावर नाही, पायात आहे. अन् दुसऱ्या दिवशी टोपलीभर चुन्याची फक्की घेऊन त्यांनी गल्लीत गलबत आखलं. पुरं साठ फूट, जसंच्या तसं. नाळ, म्हणजे पुढचं टोक, अक्काच्या कडुनिंबाला टेकलं. रुंदीला गल्ली कमी पडली, म्हणून डावा काठ शेजारणीच्या ओट्यावर चढला अन् तिथून तिच्या तुळशीला वळसा घालून खाली उतरला. माल भरायच्या जागेत कोणाची तरी शेळी बांधलेली होती. नाना तिच्याभोवती फिरत सांगत होते, इथं डोलकाठी, इथं चूल, इथं तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, निजायचा. बाया पाण्याचे हंडे घेऊन चुन्याच्या बाहेरून जायच्या. एकीने चुकून पाय आत टाकला तर नाना म्हणाले, "बुडशीन ना माय."

आबांनी मला सांगितलं, आता हे किती लहान करायचं ते तूच ठरव. सुताराच्या पट्टीवर इंचाचे आठ भाग असतात, एकेकाला सूत म्हणतात. मी म्हटलं, एका फुटाला एक सूत. हिशोबाला सोपं. साठ फुटांचं गलबत साठ सुतांत, म्हणजे साडेसात इंच. वीतभरसुद्धा नाही. मला फार हुशारी वाटली. परवा माझ्या नातीने जळगावात मेहरूणच्या आमच्या घरी एक खोकं मागवलं, त्यात जहाजाचे सगळे तुकडे आधीच कापलेले, नुसते चिकटवायचे. त्यावर बारीक आकड्यांत प्रमाण लिहिलं होतं. तिने समजावून सांगितलं, एकास शहाण्णव. मी मनात गुणाकार केला, एका फुटाला एक सूतच झालं. म्हणजे माझी चूक जगभर करतात. तेवढं बरं वाटलं.

लाकूडही मीच निवडलं. सागवान नको म्हटलं. सागवानाची रेघ मोठी असते. दारावर ती शोभते, पण वीतभर गलबतावर नांगरलेल्या शेतासारखी दिसते. आमच्याकडे सातपुड्यातून हळदू यायचं, नावासारखंच पिवळं, त्याच्या फण्या करतात. रेघ अशी बारीक की दिसतच नाही. कानस मारली की लोण्यासारखं. आबांनी मान हलवली, बरोबर म्हणाले. तेवढ्यावर मी इतकी चढले की विचारू नका. मी त्या गलबतावर चूल केली, चुलीवर तवा केला. पत्र्याचा तुकडा कापून माल भरायच्या जागेला उघडणारं झाकण केलं. पाच खलाशी केले, प्रत्येक सहा सुतांचा, त्यातल्या एकाला मिशा. कठडा असा नाजूक की श्वास जोरात घेतला तर हलावा. नाना रोज ओट्यावर येऊन बसायचे, बोलायचे, अन् मी त्यातलं मला पटेल तेवढं ऐकायचे. ते म्हणाले होते, डोलकाठी पुढे झुकलेली असते. मी ठरवलं, म्हाताऱ्याला आठवत नसेल. नाहीतर त्यांच्या गलबताचा सुतार कामचुकार असेल. आमच्या घरात वाकडं काम म्हणजे शिवी. मी ओळंबा सोडला, दोऱ्याला बांधलेलं ते वजन स्थिर होऊ दिलं, अन् डोलकाठी अशी सरळ उभी केली की देवळाच्या कळसाने लाजावं.

मग पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मऊ फडक्यात कापसाचा बोळा घ्यायचा अन् गोल गोल फिरवत राहायचं. कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता. मी पंधरा हात दिले. गलबताच्या कुशीत, म्हणजे फुगीर बाजूवर, तोंड दिसायला लागलं. तोंड बघण्यासारखं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

होळी झाली अन् गलबत झालं. अक्का नानांना हाताला धरून घेऊन आली. तोवर त्यांना खिडकीचा उजेड कळायचा, बाकी काही नाही. हे मला माहीत होतं. गल्लीला माहीत होतं, शेळीलाही माहीत असेल. अन् तरी मी ते गलबत पाटावर ठेवलं, पाट उजेडात सरकवला, अन् बाजूला होऊन उभी राहिले, पॉलिश चमकावं म्हणून. माणूस एवढा मूर्ख कसा असू शकतो, हा प्रश्न मला कधी पडत नाही, कारण तसा माणूस मी पाहिलेला आहे.

नानांनी हात पुढे केला. त्यांची बोटं दोरखंड ओढून ओढून केळीच्या घडातल्या केळ्यांसारखी झालेली. एका बोटाखाली चूल, तवा अन् मिशांचा खलाशी, तिन्ही गेले. कट्ट झालं. कठडा मोडला. ते घाबरून थांबले, मग जपून जपून वरून हात फिरवला. पॉलिशवरून बोट नुसतं सरकत होतं, कुठे अडकत नव्हतं. नाकाशी नेऊन वास घेतला. डोलकाठीला हात लावला अन् वरपर्यंत नेला. मग गलबत पाटावर ठेवलं.

"हाई गलबत नही, पोरी," ते म्हणाले. "हाई देवघर शे."

"काय चुकनं, नाना?"

"काठी सरळ कसाले करी?"

"वाकडी बरी नही दिसस."

"कोणले?" नाना म्हणाले. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. "माले आते डोया नहीत. बोटं शेतस."

अक्का उगाच पदर झटकायला लागली. आबा माझ्याकडे बघत नव्हते, पेटीकडे बघत होते. आखाजीला दीड महिना राहिला होता. ते गलबत मायने खरंच देवाजवळ ठेवलं अन् त्यात कापूर अन् वाती ठेवायला लागली. त्या कामाला ते फार सोयीचं पडलं.

मी दोन दिवस खोलीत गेले नाही. कापूस संपला होता, तरी मायबरोबर रिकाम्या शेतात पराट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटायला गेले. तिसऱ्या दिवशी आबांनी मला हाक मारली अन् पट्टी हातात दिली. नाना ओट्यावर बसलेले होते. आबा म्हणाले, "त्यासना बोटनं माप ले." मी मापलं. नानांचं बोट सहा सूत रुंद. म्हणजे माझ्या पहिल्या गलबताचा अख्खा खलाशी आडवा त्या बोटाखाली झोपला असता. आबा म्हणाले, ज्याला हे बोट लागणार नाही ते करायचंच नाही. एका फुटाला चार सूत धरलं. अडीच फुटांचं गलबत. चुलीच्या आत बोट जाईल, सुकाणू मुठीत येईल. खलाशी नकोत, नाना म्हणाले, सगळे मेले असतील.

लाकूड आता सागवानच. पण नवं नाही. वैशाखात आमच्याकडे असं ऊन पडतं की ओलसर लाकूड रात्रीतून तडकतं, दाराची फळी बंदुकीसारखी वाजते. परसात जुन्या दाराची एक चौकट पडून होती, दोन पिढ्यांचं ऊन खाल्लेली. तिला आता तडकायला काही उरलं नव्हतं. वरून काळी पडलेली, पण एक हात रंधा मारला अन् आतून तेलाचा वास आला, कातड्यासारखा, जरा कडू. नाना ओट्यावरून उठून आत आले. भुसा मुठीत घेऊन नाकाशी धरला अन् तसेच उभे राहिले. मला वाटलं शिंकणार. शिंकले नाहीत.

आता सगळं उलटं शिकायचं होतं. रेघ मोठी, तर बोटाला लागावी म्हणून मोठीच ठेवायची. बाहेरून रंधा मारायचा नाही. खऱ्या गलबताला वाकसाचे घाव दिसतात, नाना म्हणाले, माशाच्या खवल्यांसारखे. मी वाकसाने तासलं अन् तसंच सोडलं. रंधा न मारलेलं काम सुताराच्या दारात ठेवणं म्हणजे डोक्यावर पदर न घेता बाजारात जाणं. मला इतकी लाज वाटायची की कोणी आलं की मी त्यावर गोणपाट टाकायचे. लाख नाही, स्पिरिट नाही. जवसाचं तेल गरम करून त्यात राळ विरघळवली, चिंधीने दोनदा चोळलं, सुकू दिलं. चमक नाही, नुसती चामडीसारखी पकड. दोर काथ्याचे, मायने मांडीवर वळून दिले. राळेच्या धुराने पुढचा आठवडाभर भाकरीला नवीनच चव होती.

राहिली डोलकाठी. मी नानांना विचारलं, किती झुकलेली. ते उभे राहिले अन् हात समोर उचलला, म्हणाले, एवढी. आबांनी मला ओळंब्याकडे हात नेताना पाहिलं. "ठेव ते," म्हणाले. मग मी दोन पट्ट्या एका खिळ्याने जोडल्या, नानांच्या अंगाला अन् हाताला लावून कोन उचलला. म्हातारा हात वर करून तसाच उभा, अन् मी त्याच्या काखेत पट्टी धरून. शेजारीण तुळशीला पाणी घालत होती, ती म्हणाली, "काय माय, नानांना कोट शिवी राहिनी का?" मी तो कोन लाकडावर आखला, पुसला, परत आखला. सतरा वर्षांच्या पोरी दुसऱ्या कशाकशाला भितात. मी वाकड्या काठीला.

आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, दिवसभर गाणी. अन् घरात पितरांची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आमरस अन् मांडे करतात. काका घागरीसाठी धुळ्याहून आले. बरोबर रिकामं गोणपाट अन् सुतळी आणली होती, पेटी बांधायला. ती त्यांनी दाराच्या मागे ठेवली, जेवण होईपर्यंत दिसू नये म्हणून. सगळ्यांना दिसली. बाहेर झोक्यावरच्या पोरी मला हाका मारत होत्या. मी शेवटची दोरी गाठ मारून ओढून बघत होते.

जेवणं झाली अन् अक्का नानांना घेऊन आली. मी गलबत त्यांच्या मांडीवर ठेवलं. या वेळेला उजेडाकडे पाहिलं नाही. नानांनी दोन्ही हात त्याच्या कुशीवर ठेवले अन् नाळेपासून सुरुवात केली. बोटं वाकसाच्या घावांवरून अडखळत अडखळत चालली. चुलीशी थांबली. एक बोट आत गेलं, बाहेर आलं. मग डोलकाठी. वरपर्यंत गेली, परत खाली, परत वर. त्यांनी शिडाच्या आडव्या बांबूची दोरी ओढली. अडकली. परत ओढली, सुटली, बांबू गरकन फिरला. नानांनी ओट्यावर पाय फाकवले, जरा मागे रेलले, अन् सुकाणू मुठीत धरून, मान वळवून म्हणाले, "अक्का, सरक मधून. बांबू फिरी राहिना."

अक्का खरंच सरकली. पदर सावरून, दोन हात. मग तिला कळलं अन् ती तोंडाला हात लावून बसली. नाना आमच्यात नव्हतेच. ते गलबत परत खाली ठेवेनात.

काका वाकून बघत होते. तेही सुतारच. त्यांनी कुशीवरून अंगठा फिरवला, जोड पाहिले, डोलकाठीचं बूड पाहिलं. "दादा," ते हळूच म्हणाले, "हाई कोनी बनाडं?"

मी तोंड उघडलं. आबा म्हणाले, "मीच."

काकांनी आबांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा अन् एक बोट. मग माझ्या हातांकडे, तळव्याला राळ लागलेली, बोटं फुटलेली. मी हात पदराखाली घेतले. नानांनी गलबत मांडीवर आणखी जवळ ओढलं. माय चुलीपाशी भांडी जोरजोरात घासायला लागली. काका मागे टेकून बसले अन् म्हणाले, "मंग दादा, तुमले अजून हत्यारं लागतीन." चहा प्यायले. दाराच्या मागचं गोणपाट झटकलं, त्यात मायने मांडे अन् चार डांगरं बांधून दिली, अन् ते संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला गेले. पेटी कोपऱ्यात होती तिथंच होती.

मला राग आला का, असं नातीने विचारलं. आला ना. त्या रात्री मी आबांच्या ताटात भाकरी वाढली ती अंगावर टाकल्यासारखी वाढली. पण पोरीने केलं म्हटलं असतं, तर पेटी गाडीत बसली असती, अन् मी घरात. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असताना राग येणं जास्त वाईट, पण त्याला इलाज नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. गल्लीतून एक माणूस आला, त्याला पाळणा करून पाहिजे होता. आबांनी त्याच्याशी बोलून ठरवलं, माप घेतलं, त्याला वाटेला लावलं. मग आत आले. पेटीतून वाकस काढला, दोन बोटांत धरून, पडू नये म्हणून डाव्या हाताचा टेकू देऊन, अन् माझ्यासमोर धरला.

"हाई मनं, तुना बापनं काम शे," आबा म्हणाले. "नीट कर."